'डाउन्टन ॲबी'चा शेवटचा चित्रपट : निरोप की नुसती आवराआवर?

निशिगंध (प्रश्न)

'डाउन्टन ॲबी' या ब्रिटिश मालिकेची सहा पर्वे २०१० ते २०१५ या काळात दाखवली गेली. टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीने एप्रिल १९१२ मध्ये सुरू झालेली क्रॉली या उमराव कुटुंबाची आणि त्यांच्या नोकरांची कथा १९२६ साल उजाडताना पूर्ण झाली, असे आपण सगळ्यांनी मानले होते. त्यानंतर २०१९, २०२२ आणि २०२५ असे तीन चित्रपट आले. तिसरा नुकताच पाहिला आणि मन द्विधा झाले आहे. वास्तू तीच, सुरावट तीच, बहुतेक मंडळीही तीच. तरीही मालिका पाहताना जसा जीव गुंतत असे तसा गुंतला नाही. विशेष खटकला तो क्रॉलींची थोरली मुलगी मेरी आणि तिचा नवरा हेन्री टॅलबट यांचा घटस्फोट. ज्या विवाहासाठी लेखक ज्युलियन फेलोज यांनी सहाव्या पर्वात आपल्याला ताटकळत ठेवले, तो पडद्याआडच मोडतो आणि हेन्रीचे दर्शनसुद्धा घडत नाही. माझ्या परिचयातील काही चाहत्यांना मात्र हाच चित्रपट तिन्हींत उजवा वाटतो. आपणा सर्वांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

तळघर

खटकले मलाही, परंतु दोष घटस्फोटाचा नसून वेळेचा आहे, असे मला वाटते. मालिकेच्या पहिल्याच भागात सकाळची वर्तमानपत्रे इस्त्री केली जातात, आणि स्वयंपाकघरातल्या डेझीने कारण विचारल्यावर, शाईने साहेबांचे हात काळे होऊ नयेत म्हणून, असे उत्तर तिला मिळते. कथानक त्यामुळे तसूभरही पुढे सरकत नाही, पण त्या घराची सगळी उतरंड तेवढ्यात कळून जाते. वरवर बिनकामाचे वाटणारे असे प्रसंग हीच मालिकेची खरी श्रीमंती होती. दोन तासांत वीसेक पात्रांची पंगत वाढायची म्हटल्यावर प्रत्येकाच्या पानात चमचाभरच पडणार.

पहिल्याच चित्रपटात पाहा: पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांचा मुक्काम, राजवाड्याहून आलेल्या नोकरांविरुद्ध डाउन्टनच्या नोकरांचे बंड, राजावरचा हल्ला क्रॉलींचा जावई टॉम ब्रॅन्सनने हाणून पाडणे आणि वर त्याच टॉमचे लूसीशी जुळणे. यातला एकेक धागा मालिकेत तीन-चार भागांना सहज पुरला असता. त्या बंडाला मी मनसोक्त हसलो हे खरे, पण घरी पोहोचेपर्यंत त्यातले फारसे काही मनात उरले नव्हते.

जुना वाडा

घटस्फोटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रसंग आजच्या काळातून उचलून १९३० मध्ये नेऊन ठेवल्यासारखा वाटतो, असा आक्षेप मी ऐकला आहे. तो मला मान्य नाही. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यानुसार पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. हा भेद १९२३ च्या कायद्याने दूर केला. म्हणजे मेरीसाठी न्यायालयाचे दार उघडे होते. बंद झाले ते दिवाणखान्यांचे. घटस्फोटित स्त्रीने राजघराण्यातील व्यक्तींसमोर येऊ नये, हा संकेत त्या वर्तुळात इतक्या काटेकोरपणे पाळला जाई की, शाही पाहुणे पोहोचण्यापूर्वी मेरीला नृत्यसमारंभातून निघून जाण्यास सांगितले जाते. तिन्ही चित्रपटांत मला हा प्रसंग सर्वांत अस्सल वाटला.

माझी तक्रार वेगळी आहे. मालिकेने हाच विषय पूर्वी किती संयमाने हाताळला होता, ते आठवून पाहावे. मेरीची बहीण एडिथ हिचा प्रियकर मायकल ग्रेगसन विवाहित असतो, त्याची पत्नी मनोरुग्ण असते आणि मनोरुग्णता हे इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्यापर्यंत घटस्फोटाचे कारण मानले जात नसल्यामुळे तो घटस्फोट मिळवण्यासाठी जर्मनीचा रस्ता धरतो व तिथेच मारला जातो. कायद्यातील एका उणिवेपायी एडिथच्या आयुष्याची घडीच बदलते, आणि ती बदलताना आपण भागामागून भाग पाहत राहतो. मेरीच्या वाट्याला मात्र चार प्रसंगांची बदनामी येते. प्रसिद्ध नाटककार नोएल कॉवर्ड जेवायला येणार हे कळताच नाके मुरडणारी तीच मंडळी निमूटपणे डाउन्टनच्या टेबलावर हजर होतात. विनोद म्हणून हे छान आहे, परंतु प्रश्न तिथेच गुंडाळला जातो.

खिडकीतली जागा

वरील दोघांचे मुद्दे पटतात, तरीही मी या चित्रपटांच्या बाजूने आहे. मालिकेत वर्षे सरत होती, पण थोरल्या काउंटेस व्हायोलेट जणू अमर होत्या. दुसऱ्या चित्रपटात त्यांचे निधन दाखवण्याचे धैर्य लेखकाने केले, आणि तेही अशा घरात जिथे एकीकडे मूकपटाचे चित्रीकरण चालू असताना तो बोलपट करण्याची वेळ येते व नटीच्या तोंडी मेरीचा आवाज घालावा लागतो. एक युग संपते आहे हे त्यामुळे वेगळे सांगावे लागले नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये व्हायोलेट साकारणाऱ्या मॅगी स्मिथ स्वतःही गेल्या. शेवटच्या चित्रपटात त्यांच्या तिरकस शेऱ्यांची उणीव जागोजागी जाणवते, संवाद काहीसे बोथट वाटतात. पण ती जागा दुसऱ्या कोणाला तरी देण्याचा प्रयत्न झाला नाही, याचे मला समाधान आहे.

निशिगंध

सर्वांचे आभार. १९२३ आणि १९३७ च्या कायद्यांचा हा संदर्भ मला ठाऊक नव्हता. ग्रेगसनचे प्रकरण आता पुन्हा पाहीन. अवांतर : क्रॉलींच्या नात्यातल्या रोझचे वडील श्रिम्पी नेमणूक होऊन आपल्या मुंबईला जातात, मात्र मुंबई काही पडद्यावर येत नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

तळघर

मुंबईचे खरेच राहून गेले. घरातला समलिंगी नोकर बॅरो याचे नाव मात्र कोणीच घेतले नाही, म्हणून पुन्हा लिहितो, कारण माझ्याच म्हणण्याला तो अपवाद आहे. मालिकेने त्याला कटकारस्थानांतून आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत नेले आणि शेवटी बटलरची जागा दिली. मनासारखे माणूस काही दिले नाही. पहिल्या चित्रपटात यॉर्कमध्ये पोलीस त्याला पकडतात, दुसऱ्यात तो चित्रपटनट गाय डेक्स्टरबरोबर अमेरिकेला जाण्याचे ठरवतो आणि तिसऱ्यात त्याच्यासोबत त्याच घरी येतो. सहा वर्षांत आलेल्या तीन चित्रपटांत मिळून एवढाच धागा पुरेशा सवडीने विणला गेला आहे. हेन्रीला यातली निम्मी सवड मिळाली असती, तरी माझी तक्रार नव्हती.