क्लोद मेलाँचा ख्रिस्त: खरंच एकच रेघ?

रेघोट्या:
काल क्लोद मेलाँ या फ्रेंच चित्रकाराचं 'व्हेरोनिकाचा रुमाल' हे 1649चं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं ख्रिस्ताच्या चेहऱ्याचं चित्र, मोबाईलवर मोठं करून पाहत बसले होते. नाकाच्या शेंड्यावर बारीकशी भोवरी आहे, तिथून रेघ फिरत फिरत गाल, डोळे, काट्यांचा मुकुट असं सगळं व्यापते. म्हणजे डासांची कॉइलच की! मग चेहरा चपटा का दिसत नाही?

ताम्रपट:
रेघ एक, जाडी एक नाही. ब्युरिन, म्हणजे कोरायची टोकदार पोलादी सळई, तांब्यात जरा जास्त दाबली की चर खोल नि रुंद होतो, शाई जास्त धरतो, कागदावर रेघ जाड उठते. हात हलका केला की केसासारखी. नाकपुडीखाली बघा, फुगून शेजारणीला चिकटायला आलीय. मधे पांढरं किती उरलं, त्यावर सगळी उजेड-सावली.

कॉलेजात मी तळहाताएवढ्या पत्र्यावर अशी गोगलगाय कोरायला गेलो होतो. ब्युरिन पुढे ढकलायचा असतो आणि वळणावर फिरवायचा तो पत्रा, खालच्या चामड्याच्या उशीवर. चौथ्या फेऱ्याला घसरलो. अंगठा कापला तो कापला, रेघही शेजारच्या रेघेत घुसली. मेलाँचं चित्र साधारण 43 बाय 32 सेंटिमीटर आहे!

खडूस:
कसब मान्य, पण सर्कस वाटते. गोल्त्सियस या डच एन्ग्रेव्हरच्या रेघा दंडाबरोबर, गालाबरोबर वळतात. इथे रेघेला गालाशी काही देणंघेणंच नाही.

ताम्रपट:
नाहीच आहे, आणि माझ्या मते तीच गंमत. कथेत हा चेहरा कुणी काढलेला नाही. व्हेरोनिकाने ख्रिस्ताचं तोंड पुसलं आणि कापडावर तो उमटला. रेघ गालाला वळसे घालत बसली असती तर कोरणाऱ्याचा हात दिसला असता. खाली लॅटिनमध्ये 'फॉर्मातुर उनिकुस उना' आहे: एकीपासून (एका 'ती'पासून) घडलेला एकमेव. ही 'एकी' म्हणजे रेघ, आणि कुमारी माता मेरीही. त्याखाली 'नॉन आल्टेर', दुसरा नाही. आता हे ख्रिस्ताबद्दल की स्वतःबद्दल, तुम्हीच ठरवा. पठ्ठ्याने सहीत आपण राजवाड्यात राहतो हेही कोरलंय, तेव्हा सर्कशीचा मुद्दा अर्धा मान्य.

रेघोट्या:
परत उघडून पाहिलं. कपाळावरचा रक्ताचा थेंब: रेघ जराशी जाड होते, लगेच बारीक, की संपला थेंब. मी तिथेच अडकलेय.