112 लावला, पुढे काय झालं? गावाकडचे अनुभव लिहा

राजेहो, आमचं तालुक्याचं गाव ओळखू येत नाही इतकं पसरलं. बायपास झाला, त्याच्या दोन्ही अंगांना लेआउट पडले, जुन्या जिनिंगच्या आवारात मंगल कार्यालय आलं. पोलीस ठाणं मात्र तेच. हद्दीत हे शहर, वरून आजूबाजूची खेडी. शहरातच भांडणं, अपघात, मिरवणुका इतक्या, की खेड्याचा नंबर मागे पडतो. 112 वर फोन लगेच उचलतात, त्याबद्दल तक्रार नाही. गाडी कधी आली, कोण आलं, पुढे काय झालं, ते लिहा. ठाण्याचं, साहेबाचं नाव नको. राजकारणही नको, त्यासाठी पानठेला आहे.

खोली करून राहणारा विद्यार्थी
बसस्टँडमागे दोन पोरं एकाला बेल्टनं मारत होती. फोन लावला, चहा संपायच्या आत गाडी हजर. आपला अनुभव चांगला आहे बावा.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा
शहरात येईलच ना गाडी, ती उभीच तिथं असते. माझं ऐका. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीचीच लाइन. वावरात गेलो तर मोटार सुरू होईना. बॅटरी मारून पाहिलं, विहिरीपासून पेटीपर्यंतची केबल गायब. 112 लावला. बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या जवळची खूण सांगा. वावरात कसली खूण? मारुतीचं देऊळ म्हटलं, तर कोणत्या गावचं म्हणून विचारलं. त्यांचंही बरोबर, मारुती दर गावाला आहे. शेवटी गाडीतल्या जमादारांनी मलाच फोन केला आणि मी त्यांना डांबरी रोडवर घ्यायला गेलो. तोवर दीड तास झाला होता. गाडी हायवेवर उलटलेल्या ट्रकपाशी अडकली होती. आले दोघं, त्यातला एक ड्रायव्हर. माणसं भली होती, पाणी पिऊन गेली. सकाळी नाल्यात काळी राख दिसली. तिथंच बसून वरचं प्लास्टिक जाळलं आणि तांबं घेऊन गेले. नाल्यात जाळ चालू असताना कोणी गस्तीला फिरकलं असतं तर हातात सापडले असते.

पोलीस पाटील
आम्ही 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यातले. त्यामुळे गावाला वाटतं अर्धं ठाणं पाटलाच्या ओसरीवर आहे. विहिरीत प्रेत दिसलं की आधी माझी कडी वाजते. मग मी ठाण्यात फोन करायचा, आणि पंचनामा होईस्तोवर तिथंच बसायचं, लोकांना मागे सारत, कुत्री हाकलत. एकदा सकाळी बसलो तो दुपार कलली. जमादार आले ते दुसऱ्या गावचा पंचनामा उरकून, डबा न खाता. त्यांना काय बोलणार? मानधन मिळतं, नाही म्हणत नाही. पण रात्री भांडण सोडवायला जातो तेव्हा अंगावर वर्दी नसते, हातात काठीही घरचीच असते.

बचत गटातली, वर्धा जिल्हा
आमच्या जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. हसू नका. बाया मिळून फोन करतो, गाडी येईपर्यंत कॅन उसात जातात. विकणाऱ्याला आधी कळतं कसं, ते मला माहीत नाही. आमच्या बीटचे, म्हणजे ठाण्यानं वाटून दिलेल्या गावांचे, जमादार दर आठवड्याला चक्कर मारायचे तेव्हा धाक होता. त्यांची बदली झाली, त्या जागी आलेल्यांकडे दोन बीटं आहेत. तोंड पाहिलं नाही अजून.

निवृत्त जमादार
सगळे गाडीवर बोलताहेत, मी माणसांवर बोलतो. 112 चा फोन नवी मुंबईला नाहीतर नागपूरला लागतो, तिथून जिल्ह्याच्या कंट्रोलला, तिथून गाडीतल्या टॅबवर. इथवर सगळं यंत्र आहे, पटकन होतं. पुढे माणूस लागतो.

सकाळी हजेरी मेजर ड्युट्या लावायला बसतो. कागदावर मंजूर संख्या एक, रजा-बदल्या आणि दुसरीकडे संलग्न झालेले वजा करून उरतात ते निराळेच. त्यातून ठाणे अंमलदार, सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्ह्यांची नोंद संगणकात भरायला, एक, लॉकअप गार्ड, कोर्टात पैरवीला एक, समन्स-वॉरंटला एक, मुद्देमाल घेऊन नागपूरच्या लॅबला एक. कोणाची साप्ताहिक सुट्टी. मंत्र्याचा दौरा निघाला की उरलेलेही गेले. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातून बंदोबस्त जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत वावरात लोक रात्री जागलीला असतात, कापूस घरात येऊन पडलेला असतो. चोराला कॅलेंडर कळत नाही असं थोडंच आहे!

वरून 1 जुलै 2024 पासून नवे कायदे. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं. चांगलंच आहे, कोर्टात टिकतं. पण मोबाइल धरायलाही एक माणूस लागतो. आणि लोकसंख्या कोणती धरायची? जनगणनेचा हाती असलेला आकडा 2011 चा, तेव्हा आज जिथं लेआउट आहेत तिथं तुरी होत्या.

भरतीची तयारी करणारा
बायपासवर पहाटे 1600 मीटर मारतो. 2024 च्या भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या, माझे मार्क लेखीत गेले. निवड झालेले मित्र म्हणतात, ट्रेनिंग करून ठाण्यात उभं राहायला वेळ लागतोच. जागा काढल्या म्हणजे उद्या पोलीस वाढले, असं नसतं.

एका हवालदाराची बायको
महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी सांगितली, ते ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे पुरुषमाणूस आहे. गणपती ते दुर्गा, घरी फक्त झोपायला. गाडी उशिरा आली म्हणून शिव्या घालताना एवढं लक्षात ठेवा, त्यातला माणूस आदल्या दिवसापासून वर्दीत असतो.

धागाकर्ता
यवतमाळवाले भाऊ, केबलची तक्रार आता ऑनलाइनही देता येते म्हणतात. दिली का?

निवृत्त जमादार
देता येते. पण तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, तेव्हाच ती एफआयआर म्हणून चढते. आणि हद्द आमची नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका. झीरो एफआयआर आहे, चोरीसारखा दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, लिहून घ्यावा लागतो.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा
सही करायला जायचं म्हणजे एक दिवसाचं काम बुडालं, एसटीचं भाडं गेलं, आणि तिथं साहेब बंदोबस्ताला गेलेले असले तर दुसरा दिवस. आमच्या धुऱ्यावरच्या चौघांची केबल गेली, तक्रार एकानंच दिली. तुमच्या कागदावर चोरी एकच झाली. मग माणसं कशाला वाढवतील?