वॉर्डमधील रुग्ण खालावत असल्याचे वेळेत कळावे म्हणून सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न : परिचर्या विभागप्रमुख, हडपसर

हडपसर भागातील एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयात मी परिचर्या विभाग सांभाळते. अतिदक्षता विभागापेक्षा मला सर्वसाधारण वॉर्डची काळजी अधिक वाटते, कारण तेथील रुग्ण रात्रीतून खालावतो, ते सकाळच्या राउंडला लक्षात येते आणि मागचा तक्ता पाहिला तर खुणा त्यात आधीपासूनच असतात. व्यवस्थापनासमोर दोन पर्याय आहेत : ब्रिटनमधील ‘न्यूज २’ या गुणांकन पद्धतीचे कागदी तक्ते सुरू करणे, किंवा गादीखाली सेन्सर बसवून आपोआप इशारे देणारी यंत्रणा विकत घेणे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे बरेच रुग्ण असतात. अशा ठिकाणी आधी काय करावे, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : अतिदक्षता तज्ज्ञ, एरंडवणे

मॅडम, माझ्या मते आधी कागदी तक्ता सुरू करावा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ही पद्धत आणली आणि 2017 मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. श्वसनगती, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचे बी.पी., नाडी, शुद्धी आणि ताप एवढ्याच गोष्टींना ती गुण देते; आकडा सामान्यापासून जितका दूर, तितके गुण जास्त. एकूण 5 किंवा 6 गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचे आणि 7 किंवा अधिक झाले की अतिदक्षतेच्या पथकाला बोलवायचे.

तिचे बळ कोठे आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, रुग्णाचा श्वास मिनिटाला 24, ऑक्सिजन 95 टक्के, नाडी 108, ताप 38.4 अंश सेल्सिअस आणि बी.पी. 104 आहे, तो पूर्ण शुद्धीत असून त्याला ऑक्सिजन लावलेला नाही. यांपैकी एकही आकडा एकटा पाहिला तर रात्री कोणी डॉक्टरांना उठवणार नाही, परंतु बेरीज 6 होते. आता त्याच रुग्णाचा श्वास न मोजता नेहमीप्रमाणे 20 लिहिला, तर बेरीज 4 वर येते आणि रुग्ण कमी धोक्याच्या गटात जाऊन बसतो. म्हणून तक्ते छापण्याआधी श्वास मोजण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर २ : स्टाफ नर्स, पिंपरी

डॉक्टरांनी लिहिलेले अगदी खरे आहे. बी.पी. आणि ऑक्सिजन यंत्र दाखवते, श्वास मात्र घड्याळ पाहून पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो; म्हणून घाईत तोच आकडा आधीच्या पाळीवरून उतरवला जातो. मात्र गुण बरोबर आले तरी पुढचा प्रश्न उरतो : रात्री दोन वाजता फोन केल्यावर येणार कोण, आणि “एवढ्यासाठी उठवलेत का?” असे ऐकावे लागले तर पुढच्या वेळी फोन करण्याचे धाडस नवी सिस्टर करील का? किती गुणांना आर.एम.ओ.ने (रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी) किती मिनिटांत यायचे आणि ते आले नाहीत तर थेट कन्सल्टंटना फोन करण्याचा सिस्टरचा अधिकार, हे दोन्ही वैद्यकीय संचालकांच्या सहीने लेखी असावे. आमच्या वॉर्डमध्ये असे पत्रक लागल्यानंतरच तक्त्याला अर्थ आला.

उत्तर ३ : आरोग्य-सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

स्वयंचलित यंत्रणेला माझा विरोध नाही. दोन नोंदींच्या मधल्या तासांत ती लक्ष ठेवते, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु विकत घेण्याआधी ती आपल्याच रुग्णांवर तपासून पाहावी. अमेरिकेत एपिक या रुग्णालयीन सॉफ्टवेअर कंपनीची सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) ओळखणारी प्रणाली शेकडो रुग्णालयांत वापरात होती. 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा सेप्सिसच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांबाबत तिने इशाराच दिला नव्हता, आणि तरीही दाखल झालेल्या दर शंभरांपैकी 18 जणांसाठी इशारे वाजले होते. निष्कारण इशारे वाढले की माणसे ते बंद करू लागतात. विक्रेत्याला एवढेच विचारावे : दिवसाला दर वॉर्डात किती इशारे वाजतील, आणि त्यांतले किती खरे ठरतील?

उत्तर ४ : एका रुग्णाची मुलगी, सदाशिव पेठ

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, तरी एक सुचवते. उशाशी बसलेल्या नातेवाइकाला “आज बाबा नेहमीसारखे बोलत नाहीत” हे पुष्कळदा सर्वांआधी जाणवते. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स या मुलीच्या मृत्यूनंतर 2024 पासून ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला असून त्यानुसार कुटुंबीय स्वतः दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागू शकतात. आपल्या तक्त्यात नातेवाइकांच्या शंकेसाठी एक रकाना ठेवता येईल का?

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तो रकाना नक्की ठेवू. नव्याने आलेला गोंधळ हीदेखील तक्त्यात 3 गुणांची बाब आहेच. आणखी एक शंका : आमच्याकडे सीओपीडीचे (श्वासमार्ग अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) रुग्ण बरेच असतात आणि त्यांचा ऑक्सिजन एरवीही कमीच असतो. त्यांचे गुण विनाकारण वाढणार नाहीत का?

उत्तर १ (पुढे) : अतिदक्षता तज्ज्ञ, एरंडवणे

त्यासाठी तक्त्यात ऑक्सिजनची दुसरी मोजपट्टी आहे. तिच्यात 88 ते 92 टक्क्यांना शून्य गुण मिळतात, आणि ऑक्सिजन लावून पातळी त्याहून वर गेली तर उलट गुण वाढतात. परंतु सीओपीडी आहे एवढ्यावरून ती वापरू नये. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचे तपासणीत सिद्ध झालेल्या रुग्णासाठीच, डॉक्टरांनी फाइलवर तसे लिहून दिल्यावर ती लागू करावी. 16 वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांच्यासाठी मात्र हा तक्ता नाही, त्यामुळे प्रसूती व बाल विभाग पहिल्या टप्प्यात वगळावेत.