पार्किंगमधली पिल्लं

ए-२०३ (रात्री ९:१२): पार्किंगमध्ये मीटरबोर्डाखाली काळ्या कुत्रीने परवा चार पिल्लं दिलीत. डोळे अजून मिटलेलेच. त्यातलं एक आत्ता मला फरशीवर बाजूला पडलेलं दिसलं. पोटाला हात लावला तर गारठलेलं. धुळ्याची थंडी कुणाला सांगायला नको, पारा ६-७ वर आला की आपणच गोधडी सोडत नाही. एवढ्याशा जिवाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःची ऊब धरताच येत नाही, आई आणि भावंडांच्या अंगावरच ते तगतं. कुणाकडे बारदान आहे का?

सी-१०१ काकू: अगं, दूध कोमट करून आणते. नातवाची बाटली आहे.

ए-२०३: काकू, दूध नको, थांबा. मागच्या हिवाळ्यात मी हेच केलं होतं. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात चमच्याने दूध घातलं. गार अंगाला ते पचत नाही, नीट गिळता येत नाही म्हणून फुप्फुसातही जातं. पहाटे गेलं ते माझ्या हातात. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आधी अंग गरम, मग दूध, आणि तेही आईचं. गायीच्या दुधाने जुलाब लागतात. आत्ता मी त्याला स्वेटरच्या आत छातीशी धरून बसले आहे. शेकोटी किंवा हीटरसमोर कुणी नेऊ नका, कातडी भाजते. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून द्या.

बी-१०२ नाना: भलतं हिव पडी ऱ्हायनं भो. दोन बारदानं आहेत, पोराला पाठवतो. सकाळी मळ्यातून कडबा आणू का?

ए-२०३: आणा नाना, पण एकदम कोरडा. चादर टाकली तर मुताने ओली होते आणि उलट गारवा धरते. कडब्यात ओल खाली झिरपते, वरचा थर कोरडा राहतो. आणि खाली एखादी फळी हवी, ऊब सगळी फरशी ओढून घेते.

बी-४०२: वहिनी, आमचा लॅब्रा सकाळी उठताना लंगडतो. अंगही गरम लागतं. तापाची अर्धी गोळी देऊ का?

ए-२०३: नको दादा! कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते तापासारखं लागतं. माणसांच्या गोळ्यांनी त्यांचं लिव्हर जातं. वय झालंय त्याचं, थंडीत सांधे आखडतात. ऊन चढल्यावर फिरवा, जाड गादीवर झोपवा. तरी लंगडला तर डॉक्टरांना दाखवा.

ए-३०१: पिल्लांची दया मलाही येते. पण कुत्री काल माझ्या मुलीवर गुरगुरली.

ए-२०३: ताई, मुलीला लागलं नाही ना? बाळंतीण आहे ती, पिल्लांजवळ कुणी गेलं की गुरगुरणारच. मी सोबत असल्याशिवाय मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. पिल्लं जरा मोठी झाली की वॉचमनच्या खोलीमागे हलवू. सहा ते आठ आठवड्यांची झाली की लस आणि मग आईची नसबंदी, तो खर्च माझा.

सेक्रेटरी काका: शनिवारी गच्चीवर भरिताची पार्टी आहेच. उरलेलं कुत्रीला घालू, बाळंतिणीला पोटभर लागतं.

ए-२०३: पोटभर लागतं हे खरं काका, एरवीच्या दुपटीहून जास्त. पण भरीत नको. त्यात कांद्याची पात आणि लसूण, दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. साधी भाकरी, भात, उकडलेली अंडी चालतील. आणि वांगी भाजून झाली की पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, राखेवर पाणी मारा. ऊब लागते म्हणून कुत्री राखेत जाऊन झोपतात, खाली निखारे असतात.

सेक्रेटरी काका: बरं झालं सांगितलंस. बादली भरून ठेवतो.

ए-२०३ (रात्री ११:३५): अंग गरम झालं. तोंडाला बोट लावलं तर चोखायला लागलं, म्हणून आईजवळ ठेवलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा नीट धरलं. आता पितंय, पंज्यांनी आईचं पोट दाबतंय. नाना, बारदान खूप कामाला आलं. कडबा सहापर्यंत आला तर बरं, पहाटेच जास्त गारठा असतो.

बी-१०२ नाना: साडेपाचला निघतो.