नॅव्हरोन नावाचे बेटच नाही, म्हणून चित्रपट खोटा?

चोखंदळ (धागाकर्ता)

'इतिहासवेडा' यांनी परवा 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' या १९६१ च्या चित्रपटावर (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीक बेटावर चोरून उतरून तिथल्या तोफा उडवणाऱ्या कमांडो तुकडीची कथा) चार ओळी लिहिल्या आणि तेवढ्यात तीन निकाल देऊन टाकले: नॅव्हरोन नावाचे बेट अस्तित्वात नाही, जहाजांची वाट अडवणाऱ्या तसल्या अजस्र तोफाही तिथे नव्हत्या, आणि हा चित्रपट ज्यांना आवडतो त्यांना युद्ध कळलेलेच नाही. पहिल्या दोन गोष्टी कोणी नाकारलेल्या नाहीत. तिसरी वाचून मात्र गप्प बसवेना.

कमांडो मोहिमेची कथा नकाशावर पडताळून पाहायची नसते. आखलेल्या बेताची किंमत कोण मोजतो, आणि ती मोजली जात असताना कॅमेरा तोंड फिरवतो का, एवढेच मी पाहतो. पाय मोडलेला मेजर फ्रँकलिन आठवा. तुकडीची सूत्रे हाती घेतलेला मॅलरी त्याच्याशेजारी बसून, अगदी धीर दिल्याच्या स्वरात, आपली मोहीम रद्द झाली असून सैन्य आता दुसऱ्याच किनाऱ्यावर उतरणार आहे, असे त्याला सांगतो. ते धादांत खोटे असते. फ्रँकलिन शत्रूच्या हाती लागेल, औषध टोचल्यावर बोलेल आणि जर्मन तुकड्या भलत्याच किनाऱ्याकडे धावतील, हा हिशेब त्यामागे असतो. तुकडीतला स्फोटकांचा जाणकार मिलर, त्याला हे उमगते तेव्हा तो मॅलरीला फैलावर घेतो आणि मॅलरीजवळ धड उत्तर नसते. ज्याला युद्ध कळलेले नाही, त्याला हा प्रसंग लिहिता आला असता का?

इतिहासवेडा

आपण माझ्या आक्षेपातला सोपा भाग उचललात आणि अवघड भाग सोडून दिलात. बेटाचे नाव काल्पनिक असण्याला माझी हरकत नाही. पराभवाचा विजय करून दाखवण्याला आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर ब्रिटिशांनी कोस, लेरॉस वगैरे बेटांच्या डोडेकनीज या एजियन समुद्रातल्या समूहावर सैन्य उतरवले. कोसची धावपट्टी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच हातची गेली, १६ नोव्हेंबरला लेरॉस पडले आणि तीन हजारांच्या आसपास ब्रिटिश सैनिक कैदेत गेले. पडद्यावर मात्र अडकलेल्या दोन हजार जणांची सुटका होते आणि विनाशिका भोंगे वाजवत निघून जातात.

शिवाय घात तोफांनी केलाच नव्हता, विमानांनी केला. 'क्वीन ओल्गा' ही ग्रीक विनाशिका २६ सप्टेंबरला लेरॉसच्या बंदरात उभी असताना बॉम्बहल्ल्यात बुडाली. ब्रिटिशांकडे त्या आकाशात पुरेशी लढाऊ विमाने नव्हती, हे अपयशाचे खरे कारण. पण पाच-सहा माणसे कड्यावर चढून शत्रूचे विमानदळ उडवू शकत नाहीत, म्हणून कथेला तोफा लागल्या. आपण ज्याला नैतिक पेच म्हणता, तो या सोयीच्या पायावर उभा आहे.

कडेकपारी

थोडे अवांतर होईल, पण कड्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सत्तावीस वर्षे प्रस्तरारोहण करतो आहे आणि या चित्रपटातली ती वादळी रात्रीची चढाई मला दर वेळी छळते. त्या काळातला वाखाचा दोर पाण्याने फुगतो, ताठरतो, आणि एकदा आवळलेली गाठ बोटांनी सुटत नाही. आम्ही एकदा अवकाळी पावसात कड्याच्या मध्यावर अडकलो होतो. दोर वाखाचा नव्हता, चांगला नायलॉनचा होता, तरीही गारठलेल्या बोटांनी एक गाठ सोडवायला मला पाऊण तास लागला आणि शेवटी ती दातांनी ओढून काढली. इथे नायक वादळात, अंधारात, ओल्या बुटांनी वर पोहोचतो आणि पोहोचताच पहारेकऱ्याशी दोन हात करायला तयार! वर पोहोचल्यावर माणसाची मूठसुद्धा मिटत नाही, साहेब.

मीरा_वाचते

मूळ कादंबरीत मॅलरी हा नावाजलेला गिर्यारोहक आहे आणि चित्रपटातही तो तसाच आहे, त्यामुळे 'मला जमले नाही म्हणून त्याला जमणार नाही' हा युक्तिवाद मला गंमतीचा वाटला. खरी मोडतोड दुसरीकडे झाली आहे. कादंबरीत बेटावर येऊन मिळणारे दोन्ही ग्रीक साथीदार पुरुष आहेत. चित्रपटाने त्यांच्या जागी दोन स्त्रिया आणल्या आणि त्यांतल्या एकीला, ॲनाला, फितूर केले. जर्मनांनी छळ केल्याचे सांगितल्या जाणाऱ्या ॲनाच्या पाठीवर छळाचे वण नाहीत, हे उघड करण्यासाठी तिचे कपडे सर्वांसमक्ष फाडले जातात, आणि या दृश्याबद्दल पुरुष समीक्षक 'थरारक' याखेरीज दुसरा शब्द वापरत नाहीत.

कडेकपारी

मीराताई, 'मला जमले नाही' असे मी कुठे म्हटले? आम्ही त्या दिवशी सुखरूप उतरलो. नीट वाचून उत्तर द्यावे, ही विनंती. उतरतानाच आमचा एक साथीदार जेमतेम दहा फूट घसरला आणि त्याचा घोटा मोडला. आम्ही आठ जण होतो, दिवस उजाडला होता, समोरून कोणी गोळ्या झाडत नव्हते, तरीही त्याला पायथ्याशी आणायला अकरा तास लागले. झोळीचा दांडा खांद्यात रुततो, दर शंभर पावलांवर माणसे बदलावी लागतात, आणि जखमी माणूस प्रत्येक धक्क्याला आधी ओरडतो व मग 'मला इथेच ठेवा' म्हणू लागतो. हे ज्याने अनुभवले नाही त्याने चढाईच्या दृश्यांवर प्रमाणपत्रे वाटू नयेत.

चोखंदळ

क्षमा करा, पण आपण माझीच बाजू मांडलीत. एक मोडलेला पाय अख्ख्या तुकडीला जायबंदी करतो आणि 'मला इथेच ठेवा' हे शब्द जखमी माणसाच्याच तोंडून येतात, हे तर हा चित्रपट दाखवतो. चढाई खोटी असेल. चढाईचा परिणाम खोटा नाही.

कडेकपारी

परिणाम खरा, हे मान्य. कड्याचे दृश्य मात्र माझ्या लेखी नापासच राहील.

इतिहासवेडा

धागा कड्यावरून खाली उतरला असेल तर मूळ प्रश्नाकडे वळू. त्या काळातल्या खऱ्या मोहिमा पाहा. वेमॉर्कचा जड पाण्याचा (अणुसंशोधनासाठी लागणाऱ्या खास पाण्याचा) कारखाना नॉर्वेच्या तरुणांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये एकही गोळी न झाडता निकामी केला आणि सगळे जिवंत निसटले. त्याआधी नोव्हेंबर १९४२ मध्ये त्याच कामासाठी पाठवलेली दोन्ही ग्लायडर विमाने कोसळली आणि वाचलेल्या ब्रिटिश सैनिकांना जर्मनांनी ठार केले, कारण पकडलेल्या कमांडोंना जिवंत ठेवू नये असा हिटलरचा लेखी हुकूम ऑक्टोबरमध्येच निघाला होता. एका मोहिमेत गोळीबार नाही, दुसरीत लक्ष्यापर्यंत पोहोचणेच नाही. पडद्यावर मात्र शत्रूचे सैनिक गवतासारखे कापले जातात आणि यांच्या नेमक्या माणसांना नेमक्या क्षणापर्यंत काही होत नाही. यालाच मी परीकथा म्हणतो.

निवृत्त सुरुंगवाला

बराच वेळ वाचत होतो. सैन्याच्या इंजिनिअर शाखेत माझी बावीस वर्षे स्फोटकांबरोबर गेली आहेत, म्हणून तेवढ्याच विषयावर बोलेन. माझा खरा राग अलीकडच्या चित्रपटांवर आहे, ज्यांत प्रत्येक बॉम्बला लाल आकड्यांचे घड्याळ असते आणि नायक दोन तारांपैकी एक कापतो. जिथे शत्रू येऊन पाहणार आहे तिथे दिवे लावून घड्याळ कोण ठेवील? नॅव्हरोनमध्ये मिलर काही स्फोटके तोफांपाशी सहज दिसतील अशी ठेवतो आणि खरा सापळा दारूगोळा वर आणणाऱ्या पाळण्याच्या वाटेत, खाली दडवतो. जर्मन वरची स्फोटके शोधून काढतात आणि निर्धास्त होतात. पाळणा खाली येतो, वीतभर अलीकडे थांबतो आणि परत वर जातो. त्या वितीतला ताण जाणकाराने रचलेला आहे, कारण सापडण्यासाठीच काही ठेवायचे ही आमच्या कामातली पहिली अक्कल आहे.

आणि इतिहासवेडा साहेब, परीकथेचे म्हणाल तर फ्रान्सच्या सेंट नझेअर बंदरावरचा छापा आपल्याला ठाऊक असेलच. २८ मार्च १९४२ च्या पहाटे ब्रिटिशांनी 'कॅम्पबेलटाउन' ही जुनी विनाशिका गोदीच्या दरवाजावर आदळवली. तिच्या पुढच्या भागात चार टनांहून अधिक स्फोटके पोलाद व काँक्रीटच्या आड बंद केलेली होती. जर्मनांनी जहाज तपासले, त्यांना काही सापडले नाही. ठरलेली वेळ उलटून गेली. सकाळ बरीच वर आल्यावर, अधिकारी आणि बघे डेकवर फिरत असताना, ते जहाज उडाले आणि गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी झाली. हे कोणी पटकथेत लिहिले असते तर आपणच पहिले हसला असता.

इतिहासवेडा

हसलो असतो, हे कबूल करतो. मात्र सेंट नझेअरला गेलेल्या सहाशेहून थोड्या अधिक माणसांपैकी १६९ मारले गेले, हेही त्याच वाक्यात लिहावे. पाळण्याचा प्रसंग पटण्यासारखा आहे, असे सुरुंगवाल्यांच्या शब्दाखातर मानतो. चोखंदळ यांच्या शब्दाखातर नव्हे.

मीरा_वाचते

म्हणजे स्फोटकांवर पाच परिच्छेद, दोरावर सहा, आणि ॲनावर एकही नाही. ठीक आहे.

चोखंदळ

मीराताई, आपले म्हणणे टाळले, ही चूक माझी. किमतीचीच कसोटी लावायची तर मला हे मान्य करावे लागेल की फ्रँकलिनच्या वाट्याला आलेल्या अन्यायावर चित्रपट दोन माणसांना भांडायला लावतो, आणि ॲनाच्या बाबतीत मात्र तिला कोणी मारायचे याच्यावर वाद घालतो, मारावे की नाही यावर फारसा नाही. शेवटी गोळी मारिया, ती दुसरी स्त्री, झाडते आणि सगळे पुरुष सुटल्यासारखे दिसतात. तिथे कॅमेऱ्याने तोंड फिरवले आहे. इतकी वर्षे ते मला दिसले नव्हते.

कडेकपारी

दोरावर सहा नाहीत, दोनच परिच्छेद आहेत. आताच मोजले.