मदत हवी आहे: कोंबडीला कुठून आलं आईचं दूध?

मंडळी, रविवारी जेवायला पाहुण्या आहेत आणि माझा बेत अडलाय.

ठाण्याला आईच्या शेजारी एक बेने इस्राएल (कोकणातल्या यहूदी) मावशी राहायच्या. पुढे त्या मुलाकडे इस्राएलला, दिमोनाला गेल्या. आता खूप वर्षांनी आल्यात. फोनवर मी उत्साहात बेत सांगत होते: दह्यात मुरवलेली कोंबडी, जिरेभात, वर तुपाची धार. त्यांनी मध्येच थांबवलं. "कोंबडी दह्यात नको गं घालूस. नारळाच्या रसात कर. आणि तूप राहू दे, तेलच घाल."

मांस आणि दूध एकत्र खात नाहीत एवढं मला माहीत होतं. मूळ वाक्यही शोधून काढलं: "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस." तोरात, म्हणजे यहूद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, हे तीनदा येतं, दोनदा 'निर्गम' या पुस्तकात आणि एकदा 'अनुवाद' या पुस्तकात. पण करडाला आई असते, आईला दूध असतं. कोंबडीचं काय? तिनं आयुष्यात कुणाला दूध पाजलंय? मग अंडं दह्याबरोबर चालतं का? मासा? आणि मटणात नारळाचं दूध घातलं तर दिसायला तर सारखंच! मावशींना फोनवर एवढं विचारणं बरं दिसेना. कुणी जाणकार आहे का?

– गवती चहा

उपवासी बोका: पनीर करा, सगळे प्रश्न मिटतील. (हलकेच घ्या.)

जुनी पोथी: ताई, तुमची शंका सुमारे १८०० वर्षं जुनी आहे आणि ती काढणारा मोठा माणूस होता. मिश्नात (यहूदी धर्मनियमांचा जुना संग्रह), हुलीन या भागाच्या आठव्या अध्यायात, रब्बी (धर्मपंडित) योसे हगलिली अगदी हेच म्हणतात: शास्त्रानं 'आईच्या दुधात' असं म्हटलंय, पक्ष्याला आईचं दूध नसतं, म्हणून पक्षी यातून सुटला. रब्बी अकिवाही कबूल करतात की पक्ष्याची बंदी तोरातली नाही. त्यांचा हिशोब वेगळा. 'करडू' हा शब्द तीनदा आलाय तो रानातलं जनावर, पक्षी आणि निषिद्ध जनावर या तिघांना वगळायला. मग बंदी आली कुठून? पंडितांनी घातलेलं कुंपण म्हणून.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं बरं का. तालमूद (मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) सांगतं की रब्बी योसेंच्या गावात लोक पक्ष्याचं मांस दुधाबरोबर खायचे. लेवी नावाचा एक विद्वान एका पारध्याकडे पाहुणा गेला, तर ताटात काय आलं? दुधात शिजवलेलं मोराचं डोकं! हा यजमानांना काही बोलला नाही. परत आल्यावर गुरूंनी झापलं, त्यांना बहिष्कृत का नाही केलंस? तो म्हणाला, त्या गावचे रब्बी कदाचित योसेंच्या मतानं शिकवत असतील. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या मताला पुढे मान्यता मिळाली नाही, तेही ग्रंथात जपून ठेवलंय, मोराच्या डोक्यासकट.

कुंपण का, ते मध्ययुगातले यहूदी पंडित मैमोनिदेस सांगतात. आज पक्षी चालतो म्हटलं की उद्या कुणी म्हणेल हरीणही चालेल. परवा कुणी म्हणेल करडू म्हणजे फक्त बकरीचं, गाय चालेल. मग कुणी म्हणेल गाईच्या दुधात बकरी चालेल, ती कुठे तिची आई? शेवटी गाडी येणार 'बकरीच्या दुधात करडू, पण ही बकरी त्याची आई नाही' इथवर. म्हणून पहिल्याच पायरीवर अडवलं. कराई हा यहूद्यांचा एक पंथ तालमूद मानत नाही, त्यांच्यातले बरेच जण कोंबडी दुधाबरोबर खातात.

कोंबडीनं घातलेलं अंडं मांसात धरत नाहीत, दह्याबरोबर खुशाल खा.

खोबरेल: माशाची गंमत राहिली. मिश्नात मासा सरळ वगळलाय. योसेफ कारोंचा 'शुल्हान आरुख' हा धर्मनियमांचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला (नावाचा अर्थच 'मांडलेलं मेज'), त्यातही मासा दुधात चालतो. पण याच कारोंनी आधीच्या ग्रंथात लिहिलंय की मासा दुधाबरोबर खाऊ नये, धोका आहे! पोलंडमधल्या क्राकोचे पंडित मोशे इसरलीस म्हणाले की यांचा घोटाळा झाला, धोका सांगितलाय तो मासा आणि मांस एकत्र खाण्याचा. तरी बऱ्याच सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या यहूदी) घरांत आजही मासा आणि दूध एकत्र करत नाहीत. आता सांगा, 'मासे खाऊन दूध प्यायलीस तर कोड येईल' हे आपल्यापैकी कुणाच्या आजीनं ऐकवलं नाही?

नारळाबद्दल: दिसण्याची तुमची शंकाही रास्तच. इसरलीस लिहितात की बदामाच्या दुधात मटण शिजवलं तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. कोंबडीला तेवढीही गरज नाही, कारण तिची बंदी मुळात पंडितांची. क्राकोत बदाम ठेवावे लागले असतील, कोकणात पांढरा रस्सा बघून दुधाचा संशय कुणाला येणार? अलिबागेकडे बेने इस्राएल शतकानुशतकं नारळावरच तर जेवलेत.

उपवासी बोका: सगळं खरं, पण कोंबडी कापली कुणी? बाजारातली असेल तर नारळात घाला नाहीतर गंगेत, कोशेर (यहूदी नियमांप्रमाणे खाण्याजोगी) नाहीच. भांडीही त्यांना चालणारी हवीत. पनीर पनीर म्हणत होतो ते उगाच नाही.

गवती चहा: बोकोबा, हे डोक्यातच आलं नव्हतं! धीर करून फोन केला. मावशी हसत सुटल्या. म्हणाल्या, "अगं, कोंबडी मीच आणणार आहे, आमच्या हझाननं (सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्यानं) कापलेली. माझं पातेलंही आणीन. तू फक्त नारळ खवून ठेव." म्हणजे तीन दिवस मी तुमचा जीव खाल्ला तो नारळ खवण्यासाठी.

गोड म्हणून श्रीखंड ठरवलं होतं, तेही रद्द. त्यांनीच सुचवलं, चिकाचा हलवा कर, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. त्यांच्याकडे नव्या वर्षाला करतात म्हणे. गहू आजच भिजत घातलेत. जेवणावर सोलकढी. नंतर चहा कोराच द्यायचा ना?

जुनी पोथी: कोराच. मांसाहारानंतर दुधाला किती वेळ थांबायचं यावर पुन्हा मतं आहेत, बहुतेक ठिकाणी सहा तास, जर्मन यहूद्यांकडे तीन, डच लोकांकडे एक. ते मावशींना विचारा.

गवती चहा: विचारलं. म्हणाल्या, "कोरा चहा मी पीत नाही. हलवा दोनदा वाढ."

उपवासी बोका: आणि मोराचं डोकं?

खोबरेल: १९७२ चा वन्यजीव कायदा वाचा. तिथे अकिवा आणि योसे दोघांचं एकमत आहे.