इंकांचा खिपू: गाठी नक्की कशा मारायच्या?

नौपाडाकर
शाळेच्या प्रदर्शनासाठी सातवीच्या गटाला दक्षिण अमेरिकेतली 'इंका संस्कृती' हा विषय आलाय. पुठ्ठ्याचा माचू पिचू दरवर्षी कोणीतरी करतंच, म्हणून मुलांनी खिपू घेतलाय, म्हणजे गाठी मारून नोंदी ठेवायचा दोऱ्यांचा जुडगा. नुसत्या रंगीत दोऱ्या लटकवायच्या नाहीत, बघणाऱ्याला त्यातला आकडा वाचता आला पाहिजे. दोरा कुठला आणि किती लागेल? १ आणि ० कसे दाखवायचे? एकीकडे खिपू म्हणजे इंकांची लिपी असं वाचलं, दुसरीकडे त्यांचा अॅबॅकस. तक्त्यावर काय लिहायचं? सामान ठाण्यातच मिळालं तर बरं.

पीळदार
आधी आकडे ठरवा, दोरा नंतर. मुलांच्या ओळखीचा हिशेब घ्या. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या काल्पनिक सोसायटीच्या चार विंगना वर्षभरात आलेले टँकर धरा: ए २८, बी ४१, सी ३०, डी १०४, एकूण २०३. हे आकडे मुद्दाम असे घेतलेत, सगळ्या अडचणी यातच येतात.

दोरा: पांढरा सुती, २ मिमी, पिळाचा. जांभळी नाक्याच्या बाजारात सुतळी-दोऱ्याच्या दुकानात विचारा. २० मीटर पुरे. नायलॉन नको, गाठ सरकते. पायजम्याच्या नाडीसारखा विणलेलाही नको, त्याला पीळ देता येत नाही.

लोंबत्या दोऱ्यांसाठी १.६ मीटरचे पाच तुकडे कापा, चार विंगचे आणि एक बेरजेचा. तुकड्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं टोक मूळ पिळाच्याच दिशेने पिळत राहा. ढील दिली की दोरा स्वतःभोवती वळायला लागला पाहिजे, तोवर थांबू नका. मग मध्यावर धरून दुमडा, दोन्ही निम्मे एकमेकांवर आपोआप वळतात. उलट्या दिशेने पिळलंत तर मूळचे पदर सुटून दोऱ्याचा पिंजलेला कापूस होईल. दुमडल्यावर एका बाजूला फास तयार होतो, दुसऱ्या टोकाला गाठ मारून टाका. साधारण ७० सेंमी दोरी हातात राहते. लोंबत्या दोरीचा फास असा दुमडण्यातूनच येतो, वेगळा बांधायचा नाही.

मुख्य दोरी जाड हवी. २ मीटरचे तीन पदर एकत्र पिळून दुमडा. ती आडवी ताणून बांधा. लोंबत्या दोरीचा फास मुख्य दोरीमागे धरा, शेपूट पुढून आणून फासातून ओवा आणि खेचा. चारही एकाच बाजूने ओवा. मूळ खिपूंमध्ये काही दोऱ्या पुढून तर काही मागून अडकवलेल्या दिसतात, आणि अभ्यासक तो फरकही टिपून ठेवतात. तुमचा हात चुकून उलटा गेला तर जाणकाराला ती खूण वाटेल!

आता गाठी. मुख्य दोरीपासून ८ सेंमीवर शतक, १८ वर दशक, ३० वर एकक. खडूने आडव्या रेषा मारून घ्या, सगळ्या दोऱ्यांवर त्याच उंचीवर.

शतक आणि दशक: जेवढा अंक तेवढ्या साध्या गाठी, एकाखाली एक. बी विंगच्या ४१ साठी दशकाच्या जागी चार.

एकक २ ते ९: लांब गाठ. साध्या गाठीत शेपूट फासातून एकदा जातं, इथे अंकाइतक्या वेळा न्यायचं. ए विंगच्या २८ ला आठ वेळा. मग दोन्ही टोकं हळूहळू ओढत गाठ बोटांत लाटायची, वेढे सळीसारखे शेजारी-शेजारी बसतात. झटका दिलात तर वेढे एकमेकांवर चढतात आणि आठाचे सात दिसतात. घट्ट झाल्यावर वेढे पुन्हा मोजा. आठ वेढे जवळपास २० सेंमी दोरी खातात, म्हणून ती ७० सेंमी सांगितली.

एकक १: इथे लांब गाठ चालणार नाही, कारण एका वेढ्याची लांब गाठ म्हणजे साधी गाठच. म्हणून इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ मारतात. ती बी विंगला लागेल.

शून्य: काही नाही, जागा मोकळी. डी विंगला शतकाची एक गाठ, दशक रिकामं, एककाला चार वेढे.

गाठी वरून खाली मारत या. आधी एककाची मारलीत तर दशकाच्या वेळी ती गाठोडीसकट फासातून ओढावी लागते.

बेरजेची दोरी मुख्य दोरीवरून वर जाऊ द्या. मोजणी तिथेही मुख्य दोरीपासूनच: शतकाच्या दोन गाठी, दशक मोकळं, एककाला तीन वेढे. काही खऱ्या खिपूंमध्ये वरच्या दोरीवर खालच्यांची बेरीज मिळते.

कुस्को_व्हाया_वाशी
वरचं सगळं बरोबर. तक्त्याबद्दल सांगतो.

अॅबॅकस लिहू नका. खिपूवर आकडेमोड होत नाही, गाठ सोडून पुन्हा मारण्यात दिवस जाईल. खिपू ही वही. हिशेब दाण्या-खड्यांनी युपाना नावाच्या पाटीवर व्हायचा. ग्वामन पोमा या पेरूतल्या लेखकाच्या १६१५ च्या हस्तलिखितात खिपूकामायोक, म्हणजे खिपू सांभाळणारा कारकून, दोरी ताणून उभा आहे आणि कोपऱ्यात चौकटींची पाटी दिसते. पाच ओळी, चार स्तंभ. ते चित्र तक्त्यावर नक्की घ्या.

'लिपी' हा शब्दही बेतानेच. आकड्यांची पद्धत लेलँड लॉक या अभ्यासकाने १९१२ मध्ये उलगडली, ती पक्की आहे. पण गाठी '१०४' सांगतात, 'टँकर' सांगत नाहीत. कशाचे १०४ हे खिपूकामायोकाला ठाऊक असे. बऱ्याच खिपूंच्या गाठी या दशमान मांडणीत बसतच नाहीत, त्यांत मजकूर असावा असा तर्क आहे, पण ते अजून वाचता आलेले नाहीत. पेरूतल्या सान हुआन दे कोलाता गावातल्या दोन खिपूंवर सबीन हायलंड या संशोधिकेने २०१७ मध्ये लिहिलं. त्यात १४ रंग, सहा प्राण्यांचे केस आणि पिळाची दिशा मिळून दोऱ्यांचे ९५ वेगवेगळे प्रकार भरले. मात्र ते खिपू अठराव्या शतकातले, इंका काळातले नव्हेत.

मुलांना हमखास आवडेल ते पुरुचुको. पेरूची राजधानी लिमाजवळच्या या ठिकाणच्या सात खिपूंचा अभ्यास गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझीन या संशोधकांनी २००५ मध्ये मांडला. एका खिपूवरच्या आकड्यांच्या बेरजा वरच्या पातळीच्या खिपूवर उतरलेल्या. विंगचा हिशेब सोसायटीत आणि सोसायटीचा वॉर्डात, तसंच. राज्यकारभारही दहाच्या पटीत होता: चुंका १०, पाचाका १००, वारांका १०००, हुनु १०,०००. या नावांची एक पट्टी खिपूशेजारी लावा.

आणखी एक. परीक्षक 'आपल्याकडे पदराला गाठ मारतात तसंच ना?' असं विचारणारच. तसं नाही. पदराची गाठ फक्त आठवण करून देते, कशाची ते डोक्यात असतं. खिपूची गाठ जागेप्रमाणे किंमत बदलते, तीच साधी गाठ १८ सेंमीवर दहा आणि ८ सेंमीवर शंभर. मुलांना एवढं उत्तर आलं तरी निम्मं काम झालं.

नौपाडाकर
सी विंगचं ३० अडतंय. दशकाच्या तीन गाठी आणि खाली काहीच नाही. कोणी ३ वाचलं तर?

पीळदार
३ असता तर तीन वेढ्यांची एकच लांब गाठ असती. सुट्या साध्या गाठी एककात येतच नाहीत, त्यामुळे त्या तीन गाठी ३० किंवा ३००, आणि कुठलं ते शेजारच्या दोऱ्यांच्या उंचीवरून कळतं. म्हणून तर खडूच्या रेषा. गाठ ओढताना ती हमखास दोन-तीन सेंमी वर-खाली सरकते, पूर्ण आवळण्याआधी सुई घालून रेषेवर आणा.

लांब गाठ आली की आकडा संपला, ही खूणही आहे. एकाच दोरीवर खाली दुसरा आकडा लिहायचा तर तो या गाठीच्या पुढे सुरू होतो.

कुस्को_व्हाया_वाशी
रंगाचं राहिलं. मुलं प्रत्येक विंगला लाल-हिरवा-निळा देतील आणि 'लाल म्हणजे सैनिक, पिवळा म्हणजे सोनं' असं तक्त्यावर लिहितील. हे जुन्या वर्णनांतून आलंय, खऱ्या खिपूंवर तपासून सिद्ध झालेलं नाही. बहुतेक खिपू सुताचे, पांढऱ्या आणि तपकिरी छटांचे. दोन दोऱ्या चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवल्यात तर रंग बराच जवळ जाईल. पीळ देऊन दुमडल्यावर भिजवा, आधी नको. ओला दोरा आकसतो आणि लांब्या चुकतात.

आणि काचेत ठेवू नका. वेढे बोटांनी मोजता येतील असं टांगा.